चवदार तळ्यापासून नर्मदेपर्यंत : धरणाचा अर्धा इतिहास आणि हवामान बदलाची लढाई

दर १४ एप्रिलला आपल्या मोबाईलवर एक संदेश फिरतो. 'भारताच्या जलनीतीचे आणि वीजनीतीचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर.' खाली दामोदर आणि हिराकुड धरणांची नावं आणि एखादा फोटो. आम्हीही हा संदेश वर्षानुवर्षं पुढे पाठवत आलो. तो खोटा नाही. शाळेच्या पुस्तकांनी ही गोष्ट आपल्यापासून लपवली, म्हणून ती सांगत राहणं गरजेचंच होतं.

पण गेल्या वर्षी एका अभ्यासवर्गात आम्ही हाच विषय मांडत असताना सातपुड्यातला एक भिल्ल विद्यार्थी उभा राहिला. तो शांतपणे म्हणाला, "सर, धरण बाबासाहेबांनी आणलं म्हणता. मग आमचं गाव बुडालं ते कोणी बुडवलं?" सभागृह गप्प झालं. आम्हीही गप्प झालो. त्या दिवशी दिलेलं उत्तर आम्हाला स्वतःलाच पटलं नव्हतं. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

हे उत्तर आजच द्यायला हवं, कारण हवामान बदलाच्या नावाने पुन्हा एकदा डोंगर, जंगल आणि पाणी मागायला सरकार व कंपन्या निघाल्या आहेत. या वेळी शब्द नवे आहेत : हरित ऊर्जा, स्वच्छ ऊर्जा, कार्बन. पण जमीन त्याच माणसांची जाणार आहे.

गिरणीची वीज आणि गिरणीचा धोटा

महाराष्ट्रात 'स्वच्छ' वीज काही काल आलेली नाही. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज मिळू लागली. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अडवायचा, ते पाणी बोगद्यातून आणि नळांतून खाली कोकणात सोडायचं, त्यावर जनित्रं फिरवायची आणि वीज मुंबईला न्यायची. कोळशाचा धूर नाही, राख नाही. आजच्या भाषेत शंभर टक्के हरित.

पुढे मुळशीलाही धरण ठरलं. १९२१ साली तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातूनच 'सेनापती' झाले. लढा हरला, गावं बुडाली. जमिनीवर ज्यांची सावकारी होती ते पुण्याचे धनको मोबदला घेऊन मोकळे झाले. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्या बलुतेदारांना आणि मजुरांना १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जागाच नव्हती. ज्याचा सातबारा, त्याचा मोबदला. ज्याला गावाने कधी जमीन मिळू दिली नाही, त्याला काय मिळणार?

आता ती वीज जिथे पोचली तिथे पाहू. मुंबईच्या गिरण्यांत कापड विणण्याच्या खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरू दिलं जात नव्हतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या माणसाच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. चांगल्या मजुरीचं काम म्हणून आपल्याला बंद. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांना जाहीरपणे विचारला.

म्हणजे एकाच तारेच्या एका टोकाला बुडालेलं गाव आणि दुसऱ्या टोकाला विटाळाचा धोटा. ऊर्जा स्वच्छ असली म्हणून व्यवस्था स्वच्छ होत नाही, हे आपण शंभर वर्षांपूर्वीच पाहिलं आहे.

महाडचं पाणी काय सांगतं?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याआधी १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचं जाहीरही केलं होतं. कागदावर हक्क होता. पाण्यापर्यंत जाता येत नव्हतं. आपली माणसं पाणी प्यायली तर त्यांची डोकी फोडली गेली आणि तळं पंचगव्याने 'शुद्ध' केलं गेलं. न्यायालयातला शेवटचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडावा लागला.

पाण्यावर मालकी कोणाची, ते कोणी वापरायचं आणि हे ठरवायचं कोणी, हा महाडचा प्रश्न होता. हा प्रश्न फक्त गावच्या तळ्यापुरता नाही. नदीलाही तो लागू आहे.

मजूरमंत्री बाबासाहेब

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. सिंचन आणि वीज हे विषय याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ ला युद्धोत्तर वीजधोरणाच्या समितीसमोर त्यांनी भाषण केलं. देशाला मुबलक आणि स्वस्त वीज हवी, कारण उद्योगीकरणाशिवाय या देशातली गरिबी हटणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. विजेची मालकी खासगी कंपन्यांकडे द्यायची की सरकारकडे, हा प्रश्न त्यांनी तिथेच टेबलावर ठेवला.

१९४३ च्या जुलैमध्ये दामोदर नदीचा बांध फुटून बंगालमध्ये मोठा पूर आला. त्यानंतर अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर दामोदर खोऱ्याची योजना पुढे आली. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत बाबासाहेबांनी ओरिसाच्या नद्यांबद्दल मांडणी केली. जास्त पाणी हे संकट मानून ते समुद्राकडे पळवून लावू नका, ते साठवा आणि पूरनियंत्रण, सिंचन, वीज व वाहतूक अशा सर्व कामांसाठी वापरा, असा तिचा गाभा होता. माणूस पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाने जास्त सोसतो, हे तिथे त्यांनी सांगितलं. हे वाक्य महाडच्या माणसालाच सुचू शकतं.

इथपर्यंतचा इतिहास आपण दर जयंतीला सांगतो. पण १९४५ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत ते आणखी काही बोलले, ते आपण सांगत नाही. दामोदर योजनेचा लाभ शेवटी त्या खोऱ्यात राहणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचला पाहिजे, योजनेतून येणाऱ्या समृद्धीत तिथल्या प्रत्येकाला वाटा मिळाला पाहिजे, आणि यासाठी सुरुवातीपासूनच एखादी यंत्रणा उभी करावी, असा त्यांचा आग्रह होता. लक्षात घ्या, लाभ आपोआप झिरपत खाली येईल असं ते म्हणाले नाहीत. यंत्रणा लागेल असं म्हणाले. जातीच्या देशात वरचं पाणी खाली येत नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर त्यांनी पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि शेतजमीन राज्याने घेऊन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, असा आराखडाच मांडला. धरण हा त्यांच्या योजनेचा अर्धा भाग होता. वाटणी हा दुसरा. देशाने पहिला अर्धा उचलला आणि दुसरा फेकून दिला.

६ डिसेंबर १९५९

हिराकुडचं उद्घाटन १९५७ मध्ये झालं. एक लाखाहून अधिक माणसं उठवली गेली. दामोदर खोऱ्यात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार धरणं १९५३ ते १९५९ या काळात उभी राहिली. बुडालेल्या जमिनीत संताळांच्या आणि इतर आदिवासींच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर होत्या.

पंचेत धरणाचं उद्घाटन ६ डिसेंबर १९५९ ला झालं. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. पंतप्रधान नेहरूंनी धरणावर मजुरी करणाऱ्या बुधनी मांझियाईन या संताळ मुलीच्या हातून उद्घाटन करवलं. तिचं वय होतं पंधराच्या आसपास. स्वागताला तिने नेहरूंच्या गळ्यात हार घातला होता. परपुरुषाला हार घातला म्हणजे लग्नच झालं, असं ठरवून तिच्या समाजाने तिला बाहेर काढलं. पुढे १९६२ मध्ये तिची नोकरीही गेली. ती परत मिळायला वीसहून अधिक वर्षं आणि दुसरा पंतप्रधान लागला. २०२३ मध्ये ती वारली.

आदिवासी समाजातली पुरुषसत्ता इथे दिसते आणि ती झाकायचं आम्हाला कारण नाही. पण राज्याने काय केलं? फोटोपुरतं तिला पुढे केलं. बटण दाबायला आदिवासी बाई आणि नियोजनाच्या टेबलावर एकही आदिवासी नाही. आजच्या हवामान परिषदांत पिसांचा टोप घातलेल्या माणसाला व्यासपीठावर बसवून फोटो काढतात, तेव्हा आम्हाला बुधनी आठवते.

आपल्या घरातला हिशोब

आता अवघड भाग. इतरांना प्रश्न विचारायचे आणि स्वतःचा हिशोब टाळायचा, ही आपली परंपरा नाही. मे १९४५ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या मुंबई अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय प्रश्नावरची आपली योजना मांडली. तिच्यात आदिवासींसाठी त्यांनी प्रतिनिधित्वाचा तसा वाटा ठेवला नाही. आदिवासी जमातींत राजकीय जाण अजून विकसित झालेली नाही, असं कारण त्यांनी दिलं.

हे मत चुकीचं होतं, असं आम्ही स्पष्ट म्हणतो. बिरसा मुंडांच्या उलगुलानला तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती. १९ डिसेंबर १९४६ ला घटना समितीत जयपालसिंग मुंडा उभे राहिले आणि आदिवासींना लोकशाही शिकवायची नसते, ती त्यांच्याकडून शिकायची असते, असं सांगून बसले. राजकीय जाण नसलेला समाज असं बोलत नाही.

पण बाबासाहेब त्या मतापाशी थांबले नाहीत, हेही तितकंच खरं. जयपालसिंग 'आदिवासी' या शब्दाचा आग्रह धरत होते. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की या शब्दाला नेमका कायदेशीर अर्थ नाही. हक्क द्यायचे तर कोणाला ते यादीत नाव घेऊन सांगावं लागतं. शब्दाची लढाई जयपालसिंग हरले. पण राज्यघटनेत पाचवी अनुसूची आली. अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे जाण्यावर बंदी घालण्याचा अधिकार तिने राज्यपालांना दिला. १९९७ मध्ये आंध्र प्रदेशातल्या 'समता' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनसुद्धा खासगी खाण कंपनीला भाडेपट्ट्याने देता येणार नाही असं ठरवलं, ते याच अनुसूचीच्या आधारावर.

महामानवाला चूक करण्याची मुभा नाकारणं म्हणजे त्याला देव करणं. देव करणाऱ्यांच्या विरोधातच तर ते आयुष्यभर लढले.

नर्मदेच्या काठावर

त्या मुलाच्या गावाकडे येऊ. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली. सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली, आणि माणसं प्रामुख्याने भिल्ल, पावरा. १९७९ च्या नर्मदा जलतंटा लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचं तत्त्व मान्य केलं. पण जमीन कोणाची? जो पिढ्यानपिढ्या जंगलातली जमीन कसत होता तो सरकारी दप्तरात 'अतिक्रमणदार' होता. मुळशीच्या बलुतेदाराचा जो प्रश्न, तोच इथे. कागद नाही, म्हणून माणूस नाही.

धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला. ती वीज राज्याच्या जाळ्यात जाणार. ज्यांनी घर दिलं त्या डोंगरातल्या पाड्यांवर मात्र चिमणीच जळत राहिली.

याच धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. तिथल्या आदिवासींनी केरळमधून आलेल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने २००३ मध्ये धबधब्यावर १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. गावाने श्रमदान केलं. मोठं धरण नाही, विस्थापन नाही, वीज गावाची आणि निर्णयही गावाचा. 'स्वदेस' चित्रपटात गाव स्वतःची वीज तयार करतं तो प्रसंग तुम्ही पाहिला असेल. तो चित्रपट २००४ चा. बिलगाव त्याच्या आधी ते करून बसलं होतं. फरक एवढाच की चित्रपटात दिवा लागतो आणि पडदा पडतो. बिलगावचा प्रकल्प २००६ च्या पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन उद्ध्वस्त झाला.

पंधरा किलोवॅटने देश चालत नाही, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण हजार मेगावॅट उभे करताना बिलगावने दाखवलेली तीन तत्त्वं का पाळता येत नाहीत? आधी विचारा, मालकीत वाटा द्या, पहिला दिवा तिथल्या घरात लावा. यात तंत्रज्ञानाची कुठलीही अडचण नाही. अडचण आहे ती मानसिकतेची.

गडचिरोलीने दाखवलेला रस्ता

दुसरं उदाहरण विदर्भातलं. १९८० च्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन धरणं ठरली होती. गोंड-माडिया गावं आणि प्रचंड जंगल बुडणार होतं. १९८४ मध्ये 'मानव बचाओ, जंगल बचाओ' आंदोलन उभं राहिलं. लालश्याम शाह, बाबा आमटे अशी माणसं त्यात होती. ती धरणं आजपर्यंत झाली नाहीत.

या आंदोलनाच्या मंथनातून धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव पुढे आलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांनी नुसती भिंतीवर लिहिली नाही. गावाचे निर्णय सर्वसहमतीने ग्रामसभेत घ्यायचे, हे वर्षानुवर्षं पाळलं. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही वनखातं बांबूचा वाहतूक परवाना सोडेना. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्यांना गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं.

हवामान कृती म्हणजे आणखी वेगळं काय असतं? उभं जंगल हवेतला कार्बन धरून ठेवतं, पावसाचं पाणी जमिनीत मुरवतं. ते उभं कोणी ठेवलं? ज्यांना वनखात्याने शंभर वर्षं चोर म्हटलं, त्यांनी.

मूलनिवासी म्हणायचं आणि कागद वाचायचा नाही?

आपण मोर्चात 'मूलनिवासी' ही घोषणा जोरात देतो. पण जगाच्या पातळीवर या शब्दाला एक दस्तऐवज जोडलेला आहे. १३ सप्टेंबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मूलनिवासी लोकांच्या हक्कांची घोषणा मंजूर केली. त्यांच्या जमिनीवर आणि साधनसंपत्तीवर परिणाम करणाऱ्या प्रकल्पाआधी त्यांची मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती घ्यावी, हे तत्त्व तिच्यात आहे. भारताने बाजूने मत दिलं. पण सगळेच भारतीय मूलनिवासी आहेत, ही भूमिकाही घेतली. सगळेच मूलनिवासी म्हणजे कोणीच नाही! 'आमच्याकडे जात आता कुठे राहिली?' असं विचारणाऱ्यांची ही जुनीच युक्ती.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचं लक्ष्य जाहीर केलं. कोळसा कमी व्हायलाच हवा. उष्णतेची लाट आली की आधी मरतो तो उघड्यावरचा मजूर. पाऊस बुडाला की आधी गाव सोडतो तो भूमिहीन. आणि ही माणसं आपली आहेत. म्हणून 'हवामान बदल हा श्रीमंतांचा विषय' असं म्हणणाऱ्या आपल्याच मित्रांशी आम्ही सहमत नाही.

पण हे लक्ष्य गाठायला जागा लागते. राज्य सरकारने २०२३ मध्ये उदंचन जलविद्युत प्रकल्पांचं धोरण आणलं. डोंगरमाथ्यावर एक जलाशय, पायथ्याला दुसरा; विजेची चणचण नसेल तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. तंत्र उपयोगी आहे. पण सह्याद्रीच्या त्या माथ्यांवर आणि पायथ्यांना महादेव कोळी, ठाकर, कातकरी राहतात. खोपोलीनंतर शंभर वर्षांनी पुन्हा तोच डोंगर, तोच उतार. आणि २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी तर ग्रामसभेचे हक्क मान्य होण्याआधीच केंद्राने जंगल वळवायला मंजुरी देण्याची वाट मोकळी केली. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानेही त्याला हरकत घेतली.

२०११ च्या जनगणनेत आदिवासी ८.६ टक्के आहेत. विकास प्रकल्पांनी विस्थापित झालेल्यांत मात्र ते सुमारे ४० टक्के असावेत, असा अभ्यासकांचा बराच मान्य झालेला अंदाज आहे. देशाच्या विजेसाठी ज्यांनी इतकं आधीच दिलं, त्यांच्याकडेच पुन्हा हात पसरायला लाज वाटायला हवी.

त्या मुलाला उत्तर

मित्रा, तुझं गाव धरणाच्या कल्पनेने एकटीने बुडवलं नाही. वाटणीशिवाय बांधलेल्या धरणाने बुडवलं. आणि आम्ही त्या धरणाचं श्रेय मिरवत राहिलो, वाटणीचं मागणं विसरलो. एवढा दोष आमचा.

म्हणून कार्यकर्त्यांना आम्ही तीन कामं सुचवतो. तुमच्या जिल्ह्यात सौर, पवन किंवा उदंचन प्रकल्प येत असेल तर ग्रामसभेचा ठराव खरा झाला की कागदावर, ते माहिती अधिकारात मागवा. सामूहिक वनहक्काचे दावे करणाऱ्या गावांना आपल्या वकिलांची आणि शिकलेल्या मुलांची मदत द्या. नकाशा, पुरावे, अर्ज ही कामं आपल्याला येतात. आणि भूमिहीनाला मोबदल्यात व मालकीत वाटा मिळाला पाहिजे ही मागणी प्रत्येक प्रकल्पाच्या जनसुनावणीत लेखी द्या, कारण आदिवासी पाड्यालगतच्या दलित वस्तीचाही प्रश्न तोच आहे.

येत्या २० मार्चला महाडला जाल तेव्हा नर्मदेकाठच्या, सह्याद्रीतल्या, गडचिरोलीच्या माणसांना सोबत बोलवा. त्यांना व्यासपीठावर फोटोपुरतं बसवू नका. त्यांना बोलू द्या, आणि आपण खाली बसून ऐकू.

जय भीम. जय जोहार.